ती कशाने गेली?

माझ्या पहिल्या कादंबरीची नायिका शेवटून दुसऱ्या प्रकरणात बाळंतपणात मरते. बाहेर पाऊस कोसळत असतो, कंदिलाची ज्योत फडफडते, सुईण खोलीबाहेर येऊन मान खाली घालते आणि नायक अंगणातल्या प्राजक्ताखाली जाऊन उभा राहतो. हे प्रकरण लिहिताना मी स्वतः रडलो होतो. आणि पुढे पुष्कळ वाचकांनी 'आम्हीही रडलो' असे कळविले, तेव्हा आपल्याला लिहिता येते अशी माझी खात्री पटली. एकच पत्र निराळे आले. कुठल्याशा खेड्यातल्या आरोग्य केंद्रात नर्सचे काम करणाऱ्या एका बाईंनी पोस्टकार्डावर चार ओळी लिहिल्या होत्या. कादंबरी आवडल्याचे त्यांनी प्रथम लिहिले होते आणि शेवटी विचारले होते, "मास्तर, ती कशाने गेली?"

खरे सांगायचे तर मला त्या प्रश्नाचा राग आला. कशाने म्हणजे काय? बाळंतपणात गेली! आपल्या वाङ्मयात शेकडो बायका अशा गेल्या आहेत, आणि आजवर कोणी कोणाला कारण विचारलेले नाही. मी ते पत्र एका पुस्तकात खोचून ठेवले आणि त्याला उत्तर दिले नाही.

या गोष्टीला पंधरा-सोळा वर्षे झाली. यंदा गणपतीच्या सुटीत माझा पुतण्या घरी आला. तो वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्रीची जेवणे उरकल्यावर त्याने आपला लॅपटॉप मधल्या खोलीत मांडला आणि म्हणाला, "काका, मालिकांत काही दम नसतो असं तुम्ही नेहमी म्हणता. आज हा एकच भाग बघा." माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही, आणि अमेरिकन माणसांचे भरभर बोलणे माझ्या कानाला झेपत नाही. पण पडद्याखाली शब्द छापून येत होते आणि अडेल तिथे पुतण्या समजावून देत होता. आई, आमची सौभाग्यवती आणि मी असे तिघेही बसलो. पाऊण तासाने तो भाग संपला तेव्हा जागचे कोणी उठेना. मला त्या पोस्टकार्डाची आठवण झाली, आणि तेव्हापासून त्या भागाविषयी काही लिहावे असे मनात घोळत आहे.

मालिकेचे नाव 'ई. आर.' म्हणजे 'इमर्जन्सी रूम'. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत जिला सारे लोक 'कॅज्युअल्टी' म्हणतात ती जागा. अमेरिकेतल्या एन. बी. सी. या वाहिनीवर ही मालिका १९ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झाली आणि २ एप्रिल २००९ रोजी संपली. पंधरा हंगामांत तिचे ३३१ भाग झाले. शिकागो शहरातल्या एका काल्पनिक सरकारी रुग्णालयात ती घडते. तिचा मूळ कल्पक मायकेल क्रायटन हा हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयातून १९६९ साली डॉक्टर होऊन बाहेर पडला, पण डॉक्टरकी न करता कादंबरीकार झाला. विद्यार्थिदशेत रुग्णालयात जे पाहिले त्यावर त्याने १९७४ साली एक चित्रपटकथा लिहिली. ती जवळजवळ वीस वर्षे पडून राहिली. दरम्यान त्याच्या कादंबरीवरून स्टीव्हन स्पीलबर्गने 'जुरासिक पार्क' हा चित्रपट काढला. तो १९९३ साली आला, जगभर गाजला, आणि मग ही जुनी संहिता बाहेर निघून तिची मालिका झाली.

मी पाहिलेला भाग पहिल्या हंगामातला एकोणिसावा. तो ९ मार्च १९९५ रोजी प्रथम दाखविला गेला. नाव 'लव्हज लेबर लॉस्ट'. लेखक लान्स जेंटिल. हे गृहस्थ स्वतः तातडीच्या विभागात काम केलेले डॉक्टर, आणि मालिकेचे वैद्यकीय सल्लागार म्हणून तिथे आलेले. दिग्दर्शन मिमी लेडर या बाईंचे. त्या वर्षीचे लेखनाचे आणि दिग्दर्शनाचे एमी पारितोषिक या एकाच भागासाठी या दोघांना मिळाले. पारितोषिके अनेकांना मिळतात. म्हणून तेवढ्यावर न थांबता त्या भागात काय घडते ते सांगतो.

जोडी ओब्रायन नावाची एक तरुण गर्भवती, दिवस भरत आलेली, नवऱ्याबरोबर रुग्णालयात येते. तक्रार अगदी किरकोळ. तिला लघवीला वरचेवर जावे लागते. डॉ. मार्क ग्रीन तिला तपासतो. हा ग्रीन म्हणजे या मालिकेतला सर्वांत भला माणूस. कामसू, शांत, रोग्याशी गोड बोलणारा. अँथनी एडवर्ड्स या नटाने तो इतक्या साधेपणाने उभा केला आहे की, आपल्या ओळखीच्या एखाद्या फॅमिली डॉक्टरची आठवण व्हावी. नवराबायको दोघेही हसरी, आपसांत थट्टामस्करी करणारी. ग्रीन लघवीच्या मार्गातल्या जंतुसंसर्गाचे निदान करतो, औषध लिहून देतो आणि तिला घरी पाठवतो. थोड्याच वेळात नवरा तिला परत आणतो, आणि या वेळी तिला झटके येत असतात.

येथून पुढचा सगळा भाग म्हणजे एका बाळंतपणाची हकीकत आहे. झटके थांबवायचे, बाईचा रक्तदाब उतरवायचा, मूल वाचवायचे. प्रसूती विभागाचे डॉक्टर वर दुसऱ्या कामात गुंतलेले. निरोपावर निरोप जातात, कोणी येत नाही. ग्रीन ठरवतो की बाळंतपण इथेच करू. आरंभी सारे ठीक चालल्यासारखे वाटते. मग मुलाचे ठोके मंदावतात, खांदे अडकतात. शेवटी त्या कॅज्युअल्टीच्या खोलीतच पोट फाडून मूल काढावे लागते. मूल जगते. आईची वार वेळेआधीच सुटलेली असते, आणि पुढे तिचे रक्तच गोठेनासे होते. वाहते ते थांबत नाही. ग्रीन तिच्या छातीवर दाब देत राहतो. शेजारचे लोक हात मागे घेतात, तरी हा थांबत नाही. शेवटी त्यालाही थांबावे लागते.

आता यातले विशेष काय? रुग्णालयातली मरणे आपण मराठी-हिंदी चित्रपटांत लहानपणापासून पाहत आलो आहोत. शस्त्रक्रियेच्या खोलीवर लाल दिवा लागलेला असतो. बाहेरच्या बाकावर सासू जपमाळ ओढते, नवरा येरझाऱ्या घालतो, कोपऱ्यात देवाची तसबीर असते. दिवा विझतो, दार उघडते, डॉक्टर चष्मा काढतात. आणि त्यांच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडले की पुढची कथा सुखाच्या किंवा दुःखाच्या रुळावर जाते. बंद दारामागे काय घडले ते आपल्याला कधी कळत नाही, आणि आपणही विचारत नाही. माझ्या कादंबरीतला नायक प्राजक्ताखाली उभा होता तो याच परंपरेतला. दाराबाहेर राहिले म्हणजे मरणाला कारण द्यावे लागत नाही. ते दैवाच्या खात्यावर मांडता येते, आणि दैवाला कोणी जाब विचारीत नाही.

या भागाचा कॅमेरा दाराच्या आत आहे. नुसता आत आहे एवढेच नव्हे, तर तो पहिल्या तपासणीपासून आत आहे. जोडी किरकोळ तक्रार घेऊन आली तेव्हा आपण तिथे होतो. ग्रीनने निदान केले तेव्हा आपण मनातल्या मनात मान डोलावली. ती दोघे आपल्याला आवडली होती, तो डॉक्टर आपल्याला आवडला होता, आणि आवडत्या माणसांच्या बाबतीत वाईट काही सुचत नाही. म्हणजे जी खूण डॉक्टरच्या नजरेतून निसटली तीच आपल्याही नजरेतून निसटली. लेखकाने हे मोठ्या खुबीने केले आहे, पण कुठेही ठसठशीत रेघ ओढून दाखविलेले नाही. चूक घडते त्या क्षणी वाद्ये वाजत नाहीत, कोणी दचकून मागे वळून पाहत नाही. चूक ही रोजच्या कामासारखीच दिसते, आणि घडते तेव्हा ती रोजचे कामच असते.

आमच्या आईला इंग्रजीचे अक्षर कळत नाही. जोडी औषधाची चिठ्ठी घेऊन निघाली तेव्हा ती सहज म्हणाली, "अरे, तिच्या अंगावर सूज आहे का, ते बघितलं का त्यानं?" पुतण्याने लॅपटॉप थांबवला आणि आजीकडे बघत राहिला. "आजी, तुला कसं कळलं?" आई म्हणाली, "कळलं कुठं? आमच्या वेळी सगळ्यांनाच विचारायचे."

यावरून जुन्या बायकांना डॉक्टरांपेक्षा अधिक कळते असा निष्कर्ष मला काढावयाचा नाही. पुतण्याने त्या रात्री जे समजावले ते ऐकल्यावर तर तसे म्हणवणारच नाही. गरोदरपणाच्या उत्तरार्धात, साधारणतः वीस आठवड्यांनंतर, काही स्त्रियांचा रक्तदाब चढतो आणि लघवीवाटे प्रथिन जाऊ लागते. तोंडावर, हातांवर सूज येते, डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते. वेळीच लक्ष गेले नाही तर झटके येतात. या झटक्यांच्या अवस्थेला डॉक्टर 'एक्लॅम्प्सिया' म्हणतात. मूळ रोगावर उपाय एकच, तो म्हणजे प्रसूती. परंतु पंचाईत अशी की, यातले एकेक लक्षण घेतले तर ते निरुपद्रवीही असू शकते. निरोगी गरोदर बाईच्याही पायांना सूज येते. लघवीला वरचेवर जावे लागणे हे तर नवव्या महिन्यात ठरलेलेच. लघवीत प्रथिन सापडले, तरी ते जंतुसंसर्गामुळेही असू शकते. "पुस्तकात हे सगळं एका पानावर सुटसुटीत असतं, काका," पुतण्या म्हणाला, "पण पेशंट पुस्तकासारखा येत नाही. तो एकच तक्रार घेऊन येतो."

हे वाक्य मला लेखक म्हणून फार उपयोगी वाटले. वाईट लेखक (यांत मी स्वतःला धरतो) शेवट ठाऊक असल्याच्या थाटात पहिले पान लिहितो. त्यामुळे त्याच्या नायिकेला तिसऱ्या प्रकरणातच खोकला येतो, आणि वाचक समजतो की ही आता जगत नाही. जेंटिल यांना शेवट ठाऊक आहे, रोगही ठाऊक आहे. पण लिहिताना ते स्वतःला त्या सकाळच्या डॉक्टरच्या जागी ठेवतात, ज्याच्यासमोर एक हसरी बाई आणि एक क्षुल्लक तक्रार एवढेच आहे. डॉक्टर असल्याने त्यांना हे साधले, असे कोणी म्हणेल. पण डॉक्टर मंडळी आपल्या धंद्याविषयी लिहू लागली म्हणजे बहुधा आपले विजय सांगतात. पराभव लिहायला घेणे, आणि तो दुष्ट माणसाच्या नव्हे, आपल्यातल्या सर्वांत भल्या माणसाच्या नावावर लिहिणे, याला डॉक्टरकीपेक्षा निराळे काहीतरी लागते.

रचनेची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुतण्याने पुढे मला या मालिकेचे आणखी काही भाग दाखविले. त्यांत एकाच वेळी अनेक कथा चालतात. एक रोगी आत येतो, दुसरा बाहेर जातो, कोणाचे प्रेम, कोणाचे भांडण. कॅमेरा माणसांच्या मागे बोळांतून धावत असतो. प्रेक्षकाला एका दुःखापाशी फार वेळ बसू न देणे, हा या मालिकेचा स्वभावच आहे. या भागाची सुरुवातही तशीच आहे. पण जोडी परत आल्यावर हळूहळू बाकीचे धागे मागे पडतात, आणि आपल्याला कळायच्या आत आपण एकाच खोलीत कोंडले गेलेलो असतो. सुटका करणारी दुसरी कथा येईल म्हणून आपण वाट पाहतो. ती येत नाही. प्रसूती विभागाचे डॉक्टर येतील म्हणून ग्रीन वाट पाहतो. तेही वेळेवर येत नाहीत. आपली वाट पाहणे आणि त्याची वाट पाहणे अशी एकमेकांत मिसळून जाते. ज्यांच्या घरी अवघड बाळंतपण झाले आहे त्यांना ही वाट पाहणे काय असते ते मी सांगायला नको.

पुढे प्रसूतितज्ज्ञ डॉ. कोबर्न येतात आणि ग्रीनला कठोर शब्दांत दोष देतात. त्या बोलतात ते चुकीचे नाही, तरी ऐकताना आपल्याला राग येतो, कारण आपण मघापासून ग्रीनच्या बाजूने आत उभे आहोत. उलट कार्टर नावाचा विद्यार्थी, जो सारा वेळ हजर होता, तो नंतर ग्रीनपाशी येऊन त्याने आज जे केले ते वीराचे काम होते अशा अर्थाचे बोलतो. तेही मनापासून आलेले आहे, आणि तेही पुरते खरे नाही. ग्रीनला या दोन्हींपैकी एकाचाही आधार घेता येत नाही. त्याने प्राण पणाला लावून झुंज दिली; पण ती झुंज देण्याची पाळी त्याच्याच नजरचुकीने आली होती. लेखक येथे न्यायाधीश होत नाही. तराजू आपल्या हातात देतो आणि बाजूला होतो.

आणि मग जो प्रसंग येतो त्याच्यासाठी मी हा लेख लिहीत आहे असे म्हटले तरी चालेल. नवऱ्याला सांगायचे आहे. तो वर, नवजात मुलांच्या खोलीत, आपल्या मुलाला मांडीवर घेऊन बसला आहे. ग्रीन आत जातो. इतका वेळ दाराच्या आत असलेला कॅमेरा या वेळी प्रथमच बाहेर, काचेच्या पलीकडे थांबतो. शब्द आपल्या कानी येत नाहीत. आपण फक्त त्या माणसाचा चेहरा बदलताना पाहतो. आपले चित्रपट मरणाच्या वेळी दाराबाहेर राहतात आणि रडण्याच्या वेळी आत घुसतात. येथे नेमके उलट केले आहे. जे पाहण्याची जबाबदारी आपली होती तिथे आपल्याला आत ठेवले. जे दुःख त्या एका माणसाचे होते त्यापाशी मात्र आपल्याला काचेबाहेर उभे केले. ब्रॅडली व्हिटफर्ड या नटाचे येथले काम शब्दांत सांगता येण्याजोगे नाही. शेवटी रात्रीच्या आगगाडीत एकटा बसलेला ग्रीन ढसाढसा रडतो, आणि भाग संपतो.

नावाविषयी दोन शब्द. 'लव्हज लेबर्स लॉस्ट' हे शेक्सपिअरचे एक सुखात्म नाटक. इंग्रजीत 'लेबर' म्हणजे श्रम, आणि बाळंतपणाच्या वेणाही. आपल्याकडे 'कळा' या शब्दाने त्यातला एकच अर्थ साधतो. पण नाव घेण्यामागे एवढी शाब्दिक कोटीच असेल असे मला वाटत नाही. त्या नाटकात सर्व थट्टामस्करी चालू असताना शेवटच्या अंकात एक दूत येतो आणि राजकन्येचा पिता वारल्याची बातमी देतो. जमत आलेली लग्ने एका वर्षाने पुढे ढकलली जातात. इतकेच नव्हे, तर सर्वांत वाचाळ अशा नायकाला त्याची प्रेयसी बजावते की, वर्षभर इस्पितळात जाऊन आजाऱ्यांना हसवून दाखव, मग माझ्याकडे ये. सुखात्म नाटकाला रुग्णालयाचा दरवाजा शेक्सपिअरनेच दाखवून ठेवला होता असे म्हणावयास हरकत नाही. या भागाचा आरंभही हसण्याखिदळण्यातच होतो.

आता एक तक्रार. गुण गायले म्हणजे दोष झाकावेत, असा नियम नाही. जोडीला झटके आले की तिचे बोलणे कमी कमी होत जाते, आणि उत्तरार्धात ती जवळजवळ नाहीशीच होते. टेबलावर एक शरीर राहते. कॉलीन फ्लिन या नटीने आरंभीच्या थोड्या वेळात ही बाई इतकी जिवंत केली आहे की, ती पुढे दिसत नाही हे जाणवते. तिला काय वाटत होते, आपण जात आहोत हे तिला कळले होते काय, हे आपल्याला कोणी सांगत नाही. ती मरते आणि कथा डॉक्टरची होते. आगगाडीत रडतो तो डॉक्टर. पुढच्या भागांतून ज्याच्या मनात या घटनेचे पडसाद उमटत राहतात, तोही डॉक्टरच. मालिका डॉक्टरांची आहे म्हणून हे क्षम्य आहे, असे पुतण्याचे मत. मला ते पुरते पटत नाही. आमच्या सौभाग्यवतीने त्याच रात्री भांडी आवरताना एक वाक्य टाकले, "बाळंतिणीला कुणी शेवटपर्यंत काही विचारलंच नाही." माझ्या मते या भागावरची ती सर्वांत मार्मिक टीका आहे, आणि माझ्या कादंबरीलाही ती तितकीच लागू आहे. माझी नायिका तर मरणापूर्वीच्या प्रकरणात एक अक्षर बोलत नाही; सारे बोलतो तो प्राजक्ताखालचा नायक.

सणासुदीच्या अंकात हा अशुभ विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. दिव्यांच्या दिवसांत घराघरांतून नव्या बाळांची पहिली दिवाळी साजरी होत असते, तेव्हा असे लिहावे काय, असा प्रश्न मीही स्वतःला विचारला. पण 'बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म' असे आपल्या आयाआज्या म्हणत आल्या, त्या काही अभद्र बोलत नव्हत्या. त्यांनी पाहिलेले त्या सांगत होत्या. सरकारी पाहणीप्रमाणे २०१८ ते २०२० या काळात भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते. आमच्या आजीच्या काळाशी ताडून पाहता ही मोठीच मजल आहे, आणि ती दैवाने मारलेली नाही. कोणीतरी प्रत्येक वेळी रक्तदाब मोजला, लघवी तपासली, 'ती कशाने गेली?' असे विचारले आणि उत्तर लिहून ठेवले, म्हणून ती मारता आली. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त औषध फार पूर्वीपासून वापरात होते. ते आधीच दिले तर झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे तेहेतीस देशांतल्या सुमारे दहा हजार स्त्रियांच्या पाहणीतून २००२ साली पक्के झाले. तो भाग दाखविला गेल्यानंतर सात वर्षांनी! त्या दहा हजार स्त्रियांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण आज सुखरूप घरी येणाऱ्या कितीतरी लेकीसुनांवर त्यांचे ऋण आहे.

वाङ्मयाचे काम औषधाचे नाही, हे मला मान्य आहे. रोगनिदान बरोबर असले म्हणजे कथा चांगली होते असेही नाही; तसे असते तर वैद्यकाची पाठ्यपुस्तके आपण दिवाळीत वाचली असती. परंतु मरणाला कारण असते, हे ज्या लेखकाने मनाशी मान्य केले त्याला दाराच्या आत जावेच लागते. आत गेले की तिथे कोण होते, कोणी काय पाहिले, कोणाचे काय पाहायचे राहिले, हे सारे प्रश्न उभे राहतात, आणि त्यांत एखादे भले माणूस सापडते. मग रडू येते ते निराळे असते. माझ्या कादंबरीवर रडलेले वाचक रडून मोकळे झाले असतील. हा भाग पाहून आम्ही चौघे मोकळे झालो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी पुन्हा त्याचाच विषय निघाला. ग्रीनचे कुठे चुकले, आपण असतो तर काय केले असते, यावर आई आणि पुतण्या यांच्यात चांगलाच वाद झाला.

त्या दुपारी मी पुस्तकांच्या कपाटातून ते पोस्टकार्ड शोधून काढले. शाई थोडी फिकी झाली आहे, पण पत्ता वाचता येतो. माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याचे घाटत आहे, आणि प्रकाशकांनी दुरुस्त्या मागविल्या आहेत. शेवटून दुसरे प्रकरण नव्याने लिहावयाचे आहे. तूर्त त्या बाईंना मी एवढेच लिहिले आहे: "आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा ठाऊक नव्हते. ती कशाने गेली ते मी पाहिलेच नाही. मी बाहेर उभा होतो. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. गरोदर बायका आपल्याकडे तपासणीला येतात तेव्हा आपण त्यांना काय काय विचारता, ते सवडीने कळवाल काय?"

पत्र टाकले आहे. बाई अद्याप त्याच गावी असतील की नाही, कोण जाणे.